बर्फाची जीप

उचगावात चन्नाप्पा शेट्यांचं गॅरेज कुठं म्हणून विचारलं, तर लोक पत्त्याबरोबर एक टोमणाही फुकट देत. "बर्फाच्या गाडीवालं व्हय? जावा सरळ. बॉनेटात डोकं घालून उभं असंल म्हातारं." कोल्हापुरात बर्फ मिळतो तो रसवंतीत नाहीतर मासळी बाजारात. तो आभाळातून पडतो आणि रस्ते बुजवतो, हे इथल्या माणसानं बघितलं ते मोबाइलवर. अशा मुलखात साठी ओलांडलेला माणूस बर्फात चालवायची गाडी बांधतोय म्हटल्यावर लोकांनी हसू नये तर काय करावं?

चन्नाप्पाला त्या हसण्याचं काही वाटत नसे. त्याला हिमाचलात जायचं होतं, स्पितीत, काझा नावाच्या गावी. तिथं त्याचा एकुलता एक मुलगा सोमेश राहत होता. हॉटेलचं काम शिकलेला सोमेश एका हंगामापुरता म्हणून तिकडं गेला आणि तिकडचाच झाला. सोनम नावाच्या तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, सासऱ्याच्या घरात चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, आणि आता त्याला डोल्मा नावाची पाच वर्षांची मुलगी होती. या नातीला चन्नाप्पानं मोबाइलच्या काचेबाहेर अजून बघितलेलं नव्हतं.

बायको होती तोवर हे सगळं चालून गेलं. फोनवर निर्मला बोलायची, चन्नाप्पा शेजारी बसून मान हलवायचा. तीन वर्षांपूर्वी निर्मला गेली. सोमेश एकटाच आला, मातीचं सगळं नीट केलं, बारा दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर गॅरेजमागच्या दोन खोल्यांत चन्नाप्पा उरला. एका माणसाची आमटी करता येत नाही, कितीही कमी डाळ घातली तरी ती दोघांची होते. रात्रीची उरलेली आमटी सकाळी गरम करून खाताना त्याला रोज एकदा वाटायचं, की आपण पोराकडं जावं. नुसतं बघून यावं. नातीला उचलून घ्यावं, तिचं वजन किती आहे ते कळावं.

त्यानं तसं फोनवर बोलूनही दाखवलं. पहिल्या उन्हाळ्यात म्हणाला, "येऊ काय रं?" सोमेश म्हणाला, "आत्ता सीझन हाय अप्पा. एक खोली मोकळी न्हाय. तुमाला झोपवू कुठं?" चन्नाप्पाला हे पटलं. पावसाळ्यात पुन्हा विचारलं, तर दरडी कोसळत होत्या, नाले रस्त्यावरून वाहत होते. तेही पटलं. मग थंडी आली. "आता तर इषयच न्हाय अप्पा. बर्फ. रस्ताच बंद."

दुसरा एखादा बाप असता तर या तीन ऋतूंच्या तीन उत्तरांवर थोडा विचार करत बसला असता. चन्नाप्पा पडला मेकॅनिक. गिऱ्हाईक म्हणालं गाडी डावीकडं ओढते, की तो चाक बघणार. गिऱ्हाईकाचं तोंड बघायची त्याला सवय नव्हती. पोरानं तीन अडचणी सांगितल्या, म्हणजे तीन कामं झाली. झोपायला जागा नाही, तर गाडीतच झोपायची सोय करू. दरडी आणि नाले, तर गाडी उंच करू. बर्फ, तर बर्फात चालेल अशी गाडी करू. आंघोळ करून, विभूती लावून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लिंबाखालच्या जीपवरची ताडपत्री ओढली.

जीप शहाण्णव सालची. चारी चाकांना ताकद जाणारी, म्हणजे फोर-बाय-फोर. एका साखर कारखान्यानं भंगारात काढली तेव्हा चन्नाप्पानं ती घेतली होती, आणि दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करता करता स्वतःची तशीच ठेवली होती. मेकॅनिकच्या घरची गाडी बंदच असायची, यात नवल काही नाही.

आधी गाडी उंच केली. उद्यमनगरातल्या कारखान्यातून स्प्रिंगचे जाड पाटे बनवून आणले, धक्के झेलणारे लांब शॉकप लावले. गाडी वीतभर उचलली गेली आणि चन्नाप्पा खूश झाला. पण उंचीबरोबर चाकांकडं ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड पडला, तो वाढवला. मग ब्रेकच्या नळ्या ताणल्या गेल्या, त्या बदलल्या. मग स्टिअरिंग ढिलं लागायला लागलं. एक काम संपवावं तर ते दुसऱ्या दोघांना घरी घेऊन यायचं. इंजिनाची हवा ओढणारी नळी त्यानं काचेच्या बाजूनं टपापर्यंत वर नेली, नाल्याच्या पाण्यात गाडी बुडाली तरी श्वास कोंडू नये म्हणून. मागच्या दोन चाकांत कुलूप बसवलं, एक चाक हवेत गरगरत राहिलं तरी दुसऱ्याला ताकद मिळावी म्हणून. कापडी टप काढून पत्र्याचं केलं, आतून फोम चिकटवला, भंगारातल्या एका बसचा हीटर बसवला आणि मागं पाय पसरून झोपता येईल अशी फळी टाकली.

शेजारी बयाबाईचा चहाचा गाडा होता. बयाबाई तोंडानं फटकळ, पण चन्नाप्पाला दिवसातून दोनदा चहा न मागता आणून द्यायची आणि त्याबद्दल दिवसातून दोनदा बोलायची.

"अण्णा, एवढा बर्फाचा सोस हाय तर रंकाळ्यावर गोळा खाऊन यायचा. काय लावलंय हे?"

"नातीकडं जायाचं हाय."

"मग इमानानं जावा."

"इमान तितं उतरत न्हाय."

"मग तुमची ही जीप उतरती व्हय? वरनं?"

चन्नाप्पा हसायचा आणि पान्याचा नंबर बदलायचा.

चाकांना बांधायच्या साखळ्या बाजारात मिळत होत्या, पण त्याचा दुसऱ्याच्या कामावर विश्वास नव्हता. उसाच्या ट्रॉलीला असतात तसल्या साखळीचे तुकडे जोडून त्यानं स्वतःच जाळी विणली. आता ती तपासायची कुठं? गगनबावड्याचा चिखल होता, पण तो बर्फ नव्हे. मग त्याला गुऱ्हाळ आठवलं. गुऱ्हाळाच्या मागं चिपाडांचा ढीग असतो, मऊ, कोरडा, पाय टाकला की गुडघाभर आत. ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याला विचारून त्यानं जीप सरळ त्या ढिगावर घातली. साखळीशिवाय ती पोटापर्यंत रुतली. साखळी बांधून तीच जीप घुर्र करत पलीकडं उतरली. गुऱ्हाळावरची माणसं काहिलीतला रस सोडून बघायला आली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चन्नाप्पानं आरशातून त्या बघितल्या आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघून म्हणाला, "जमलं की गं." मग त्याला कळलं की आपण कुणाशी बोललो, आणि तो लवकर घरी गेला.

थंडीचा अंदाज येईना म्हणून तो एका आईस्क्रीमवाल्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये डिझेलची बाटली ठेवून आला. दुसऱ्या दिवशी बघतो तर डिझेल कडेकडेनं तुपासारखं थिजलेलं. बरं झालं कळलं, त्यानं उपाय शोधला. जन्मभर रेडिएटरमध्ये हौदाचं पाणी ओतलेल्या माणसानं पहिल्यांदा न गोठणारं कूलंट ओतलं. पण बाटली न्यायला गेला तेव्हा तो आतच थोडा वेळ थांबला. नातीच्या अंगाला अशी थंडी लागत असेल, असं वाटून तो खोक्यावर बसून राहिला. तिथला कामगार ओरडला, "पावणं, भाईर या! कुल्फी व्हईल तुमची." चन्नाप्पा बाहेर आला तेव्हा बोटं वाकत नव्हती, आणि तरी त्याला बरं वाटत होतं.

दर रविवारी संध्याकाळी सोमेशचा फोन यायचा. हा फोन म्हणजे एक रीत होती.

"जेवलासा काय अप्पा?"

"जेवलो. तू?"

"व्हय. तब्येत?"

"बरी हाय. थंडी किती?"

"लई हाय. रस्ता बंद हाय."

"बरं."

मग डोल्मा फोन हिसकावून घ्यायची आणि म्हणायची, "दादाजी, गाडी दिखाओ!" चन्नाप्पा मोबाइल घेऊन जीपभोवती फिरायचा, हॉर्न वाजवून दाखवायचा. पोर खिदळायची. सोमेश म्हणायचा, "चला, ठेवतो." अख्ख्या आठवड्यात चन्नाप्पाच्या वाट्याला आलेलं घरचं बोलणं एवढंच. पण तो समाधानी होता, कारण गाडी पुढं सरकत होती. गाडी झाली की रस्ता बंद असण्याचा प्रश्नच राहणार नव्हता. मग पोरगं म्हणेल, "या अप्पा." एवढे दोन शब्द ऐकायसाठी त्यानं दोन वर्षं गाडीखाली पाठ जमिनीला टेकवली होती.

फेब्रुवारीत गाडी झाली. चन्नाप्पानं सोमेशला तसं सांगितलं. "झाली बग. आता कसलाबी बर्फ असू दे." मग सोमेश म्हणाला, "हितं लईच पडलंय यंदा अप्पा. बघू." चन्नाप्पाला वाटलं, पोरगं काळजी करतंय.

पुढच्या रविवारी सकाळी ऋतुराज आला. शिवाजी पेठेतला हा तिशीतला गडी, बांधकामाचा धंदा करायचा आणि सुट्टी मिळाली की आपली जीप कुठल्यातरी चिखलात नेऊन रुतवायचा. पावसाळ्यात गगनबावड्याला जाणाऱ्या जीपवाल्या पोरांच्या टोळक्याचा तो पुढारी. त्या सगळ्यांच्या गाड्या चन्नाप्पाच्या हातच्या. ऋतुराजच्या जीपचा एक पाटा मोडला होता. चन्नाप्पा खाली शिरला, आणि ऋतुराज तयार जीपभोवती फिरायला लागला.

"नाद खुळा अण्णा! हीटरबीटर घातलायसा! कुठं निघालाय?"

"काझ्याला. पोरगं हाय तितं."

"स्पितीत?" ऋतुराज खाली वाकला. "अहो मी परवा तितनंच आलो की! पाटा तितंच मोडलाय. आधी सांगायचं न्हाय काय? काय पायजे ते पोचवलं असतं पोराला."

चन्नाप्पाचा हात थांबला. "गेलता कसा? रस्ता बंद हाय नव्हं."

"बंद? कोण म्हणलं?"

"बर्फ हाय म्हणून."

"अण्णा, मनालीकडचा घाट बंद असतोय, ते खरं. पण शिमल्याकडनं बारा म्हैने रस्ता चालू हाय. लई पडलं तर दोन-चार दिवस थांबवत्यात, मशीन लावून साफ करत्यात, की परत चालू. रोज बस जाती. सरकारी बस! मी साखळ्या बांधून, जीव मुठीत धरून चाललोय, आणि मागनं बसवाला हॉर्न मारतोय. गेला की मला टाकून. आत म्हाताऱ्या बसल्यात, कोंबड्या घेऊन." ऋतुराज आठवणीनंच हसायला लागला.

"यंदा लई पडलंय म्हनं."

"न्हाय वो. यंदा तर कमी हाय. तितली माणसंच म्हणत होती."

चन्नाप्पा गाडीखालीच होता, त्यामुळं त्याचं तोंड कुणाला दिसलं नाही. तिथूनच त्यानं विचारलं, "आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात काय, कुणाचीबी बारकी गाडी जाती. तुमाला हा रणगाडा करायची गरज न्हवती. पण केलाय झकास, मानलं."

"असंल, असंल," चन्नाप्पा म्हणाला आणि त्यानं घट्ट बसलेला नट आणखी घट्ट केला. मग तो सैल करून पुन्हा घट्ट केला. ऋतुराज गाडी घेऊन गेला तोवर तो नेहमीसारखाच बोलत होता, ब्रेक बघून घे म्हणाला, टायरातली हवा कमी कर म्हणाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तो आपल्या जीपच्या पायरीवर बसला.

तिथं बसल्या बसल्या त्याला सोमेशच्या लग्नाचा फोन आठवला. तेव्हा सोमेश म्हणाला होता, "अप्पा, तुमी आणि अव्वा या. मी तिकिटं काढतो." आणि चन्नाप्पा म्हणाला होता, "एवढ्या लांब कुठं रं? त्या रस्त्याचा भरवसा न्हाय. तुझ्या अव्वाला झेपायचं न्हाय." निर्मलाला झेपलं असतं. तिनं तर शेजारणीचा गरम कोट मागून आणला होता आणि मग न बोलता परत नेऊन दिला होता. रस्ता वगैरे काही नव्हतं. सून कुठली, देव कुठला पूजते, आपल्या लिंगायतांसारखं गळ्यात लिंग बांधते का, हे भावकी विचारणार आणि आपल्याला उत्तर द्यावं लागणार, याची त्याला लाज वाटली होती. पोराला तसं कसं सांगायचं, म्हणून रस्ता सांगितला. सोमेशनं त्यावर वाद घातला नाही. "बरं," म्हणाला होता. चन्नाप्पाला तेव्हा वाटलं, पटलं पोराला.

आता त्याला कळत होतं, की पटलं नव्हतं. आपल्याला जसं सगळं पटत गेलं, तसं त्याला पटलं नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं, निर्मला गेली त्या दिवशी वाटलं नव्हतं इतकं. त्या दिवशी माणसं होती, पोरगं होतं. आज दोन वर्षं खपून बांधलेली गाडी होती, आणि तिला जायला कुठं नव्हतं.

बयाबाई चहा घेऊन आली. तिनं गाड्यावरून सगळं ऐकलं होतं. तिच्या कानातून काही सुटत नसे.

"अण्णा, बस जाती म्हनं रोज. मग बसा की बसमधी. उद्या निघा."

"बोलवाय पायजे नव्हं, बया."

"पोटच्या पोराकडं जायाला आवतान लागतंय व्हय?"

"लागतंय," चन्नाप्पा म्हणाला. बयाबाईनं चहाचा कप त्याच्या शेजारी पायरीवर ठेवला आणि ती गाड्यावर परत गेली.

दुपारभर त्यानं काही केलं नाही. जेवला नाही. भिंतीला टेकून तो मनात जुळवत राहिला, संध्याकाळी कसं बोलायचं ते. "बस येती म्हनं रोज," असं सरळ म्हणावं. की रागावून म्हणावं? "बापाला बनीवतोस व्हय रं?" असं ठणकावून विचारावं? मग सोमेश काय म्हणेल? एक तर गप्प बसेल, नाहीतर तो लग्नाचा फोन काढेल. आणि त्यानं तो काढला तर आपल्यापाशी काय उत्तर आहे? माफी मागावी, असंही एकदा त्याच्या मनात आलं. पण माफी मागणं हे त्याला कधी जमलेलं काम नव्हतं, आणि फोनवर तर नाहीच. शेवटी ठरलं, की बसचंच विचारायचं. पोरगं कबूल तरी होईल. एकदा कबूल झालं की पुढचं पुढं.

दिवे लागायच्या वेळी फोन आला. चन्नाप्पा जीपच्या पायरीवरच होता.

"जेवलासा काय अप्पा?"

"व्हय," चन्नाप्पा म्हणाला. जेवला नव्हता.

"गाडी... काय म्हणती गाडी? निघायचं वगैरे काय ठरवलंयसा?"

हे विचारतानाचा सोमेशचा आवाज चन्नाप्पानं पहिल्यांदाच नीट ऐकला. दवाखान्यात डॉक्टरला रिपोर्ट विचारताना माणसाचा होतो, तसा तो आवाज होता. पोरगं घाबरलं होतं. बाप खरंच दारात येऊन उभा राहील म्हणून घाबरलं होतं. त्याच दमात सोमेश पुढं बोलला, "हितं अजून बंदच हाय रस्ता. परवा परत पडलं. कधी उघडंल सांगता येत न्हाय."

चन्नाप्पाच्या तोंडावर आलं होतं सगळं. बस, बसवाल्याचा हॉर्न, कोंबड्या. एवढं बोललं की पोरगं उघडं पडणार होतं, आपल्या बापापुढं, शेजारी बायको-पोर असताना. आणि मग पुढच्या रविवारी फोन येणार होता का?

"असू दे रं," तो म्हणाला. "माझीबी गाडी कुठं तयार हाय."

"न्हाय? मागच्या रविवारी म्हणलासा झाली म्हणून."

"झालती. आता गिअरबॉक्स आवाज कराय लागलाय. खाली उतरवाय लागंल. लई काम हाय ते. ह्या वर्षी काय जमंल असं वाटत न्हाय."

पलीकडून एक श्वास सुटल्याचं ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. आणि मग सोमेश बोलायला लागला.

"कसला आवाज अप्पा? तिसऱ्यात का चौथ्यात? का न्यूट्रलमधी पण?"

"तिसऱ्यात."

"मग बेअरिंग असंल. का दाते गेल्यात? उघडल्यावर बगा नीट. घाई करू नका." मग तो स्वतःहून सांगायला लागला, की इकडं पाइपातलं पाणी गोठतं, सकाळी सोनम बर्फ भांड्यात भरून शेगडीवर वितळवते, तेव्हा चहा होतो. डोल्माचा पुढचा दात पडला, तो तिनं बर्फात पुरला आणि आता सापडत नाही म्हणून दोन दिवस रडत होती. सासऱ्याच्या याकनं कुंपण मोडलं. मग म्हणाला, "अप्पा, संक्रांतीला मी शेंगाची पोळी कराय गेलतो. सगळी फुटली. अव्वा सारणात काय घालायची वो?"

चन्नाप्पाला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं खाल्ली, पण सारणात काय असतं ते बघितलं नव्हतं. "बयाबाईला इचारून सांगतो. पुढच्या रविवारी."

"सांगा. आणि गिअरबॉक्सचं पण सांगा, काय निघालं ते."

"सांगतो."

डोल्मा आली, दात पडलेलं तोंड उघडून दाखवून गेली. सोनमही आली, हात जोडून "नमस्ते पिताजी" म्हणाली आणि लाजून बाजूला झाली. यापूर्वी ती कधी फोनवर आली नव्हती. सोमेश पुन्हा बोलत राहिला. मोबाइल हाताला चटका बसेल इतका तापला, चन्नाप्पानं हात बदलला. निर्मलाच्या मागं पोराचा एवढा आवाज त्यानं पहिल्यांदाच ऐकला. आपण येत नाही म्हटल्यावर पोरगं इतकं मोकळं झालं, हे त्याला कळत होतं. कळत असूनही फोन संपू नये असं वाटत होतं.

फोन ठेवला. जीप समोर उभी होती, धुतलेली, टाकी भरलेली, हवा तपासलेली. तिच्या गिअरबॉक्सला काही झालेलं नव्हतं. तिसऱ्यात तर तो इतका मऊ पडायचा की चन्नाप्पाला स्वतःचाच हेवा वाटायचा.

पुढच्या रविवारी सोमेश विचारणार होता, काय निघालं. बेअरिंग गेलं म्हणायचं, की दाते? कुठला दात, किती झिजला? पोरगं गाड्यांत वाढलेलं, त्याला बनवाबनवी चालणार नव्हती. आणि त्याच्या पुढच्या रविवारी? नवीन बेअरिंग मिळेना म्हणता येईल. मग चुकीचं आलं म्हणता येईल. मग बसवताना क्लच प्लेट खराब दिसली. काम लांबवायचं ठरवलं तर एक गिअरबॉक्स वर्षभर पुरतो, हे कुठल्याही मेकॅनिकला सांगायला नको.

चन्नाप्पानं गॅरेजमधला दिवा ओढून जीपखाली टांगला. जमिनीवर पोतं अंथरलं, डोक्याला फडकं बांधलं, पाने काढून ओळीनं ठेवले आणि आत सरकला. ऑइलचा नट फिरवला. नवं, सोन्यासारखं ऑइल परातीत पडायला लागलं.

गाडा बंद करून निघालेल्या बयाबाईला जीपखालून आलेले पाय दिसले. ती वाकली.

"अण्णा! हे काय आणि? गेल्या आठवड्यातच म्हणलासा, झाली. काय बिघडलं?"

"काय न्हाय."

"मग चांगली गाडी कशाला खोलताय?"

आतून पान्याचा आवाज येत राहिला.

"पोरगं बोलाय लागलंय," चन्नाप्पा म्हणाला, आणि त्यानं पुढचा बोल्ट सैल केला.